अंगठा, रांजण आणि व्हिसा

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातले दोन तालुके आंतरराष्ट्रीय सरहद्दीवर वसलेले आहेत, हे वाक्य वाचून भूगोलाचे मास्तर छडी शोधू लागतील. त्यांनी जरा दमानं घ्यावं. मराठी माणूस सह्याद्रीच्या माथ्यावर उभा राहतो, उगवतीकडे हात करून म्हणतो, ‘हा देश’, आणि मावळतीकडे हात करून म्हणतो, ‘ते कोकण’. कोकण देशात मोडत नाही, हे कुठल्याही सरकारच्या आधी आपल्या भाषेनंच ठरवून टाकलं आहे. वर भाकरी, खाली भात. वर धुरळा, खाली चिखल. देशस्थ-कोकणस्थ सोयरीक जुळली की अजूनही दोन्हीकडची मंडळी परराष्ट्र खात्याच्या सावधपणानं एकमेकांच्या आमटीची चव घेतात. तेव्हा शेजारच्या देशात जाण्याचे मार्ग हा विषय अभ्यासायला कॅनडाच्या वकिलातीत खेटे घालायची गरज नाही. जुन्नरची एसटी पुरते. आणि दोन हजार वर्षांचं हे दप्तर चाळलं की एक गोष्ट स्वच्छ दिसते. वाटा किती आहेत आणि किती रुंद आहेत, याला फारशी किंमत नाही. नाक्यावर बसलेला माणूस आधी काय विचारतो, त्यावर सगळं ठरतं. ‘काय आणलंस?’ असं विचारणाऱ्या नाक्यानं गाव वाढतं. ‘तू कोणाचा?’ यावरच अडून बसलेला नाका शेवटी स्वतःच ओस पडतो.

आधी वाटा बघू. सल्लागार लोक हल्ली व्हिसाचे प्रकार सांगतात, तसे इथे घाटांचे प्रकार आहेत. नाणेघाट हा व्यापारी वर्गाचा. कल्याण बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून वर आणायचा आणि पुढे जुन्नरच्या पेठेत न्यायचा, यासाठी डोंगर फोडून केलेली ही वाट. तिच्यावर नजर ठेवायला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी असे चार किल्ले, म्हणजे आजच्या विमानतळापेक्षा बंदोबस्त कडक. दाऱ्या घाट आणि आंबेगावातला आहुप्याचा घाट हे गावकऱ्यांचे. डोक्यावर ओझं आणि पायात जोर असला की बाकी कागद लागत नाहीत. भीमाशंकरला खांडसहून येणाऱ्या दोन वाटांनी तर माणसाच्या स्वभावाची परीक्षाच घ्यायची ठरवलेली. लांबचा पण सोपा हवा तर गणपती घाट, जवळचा पण अवघड हवा तर शिडी घाट. शिडी घाटात लोखंडी शिडीवर अर्ध्यात पोचलेल्या उमेदवाराला अर्ज मागे घेण्याची सोय नसते, कारण मागचा अर्जदार त्याच्या टाचेपाशी आलेला असतो. माळशेजातून गाडीरस्ता झाला तेव्हा या सगळ्या वाटांची प्रतिष्ठा गेली आणि त्या गिर्यारोहकांच्या वाट्याला आल्या. पूर्वी लोक पोटासाठी घाट चढत. आता पोट कमी करण्यासाठी चढतात.

या सगळ्यांत खरं पारपत्र कार्यालय एकच, ते नाणेघाटात. घाटघर गावावरून घाटमाथ्यावर यावं. कातळात फोडलेली चिंचोळी खिंड, आणि तिच्या तोंडाशी दगडी रांजण. जकातीचा रांजण अशीच त्याची ओळख आहे. ओबडधोबड, पोट सुटलेला, आणि चेहऱ्यावर कुठलाही भाव नसलेला. थोडक्यात, पदाला शोभेल असाच अधिकारी. शेजारी कड्याचा सुळका, त्याचं नाव नानाचा अंगठा. आज विमानतळावर परक्या माणसाला यंत्रावर अंगठा टेकवायला लावतात. इथे खात्यानं आपलाच अंगठा आधी वर करून ठेवलेला आहे. खालच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख दोन्ही भिंतींवर पसरला आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२८ मध्ये तो बाहेरच्या जगाच्या नजरेस आणला. कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी दिली, याचा त्यात चोख हिशेब आहे. आपल्याकडे अंक लिहून दाखवण्याचे जे अगदी जुने नमुने आहेत, त्यांतले काही याच भिंतीवर सापडावेत यात नवल नाही. जकातनाक्यावर आकडे नसतील तर कुठे असतील? मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींचे पुतळे होते. वर कोरलेली नावं राहिली, पुतळे गेले, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. साहेब जागेवर नाहीत, पण नावाची पाटी आहे. ही सरकारी परंपरा किती जुनी, हे इथे येऊन पाहावं.

रांजणाचा एक गुण मात्र मानला पाहिजे. त्याला डोळे नव्हते. नाणं पडलं की आवाज येई आणि आवाजावरून आडनाव कळत नाही. त्याचा परिणाम जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत कोरून ठेवलेला आहे. एका गावाच्या परिसरात दोनशेच्या आसपास लेणी असावीत, हे भाग्य दुसऱ्या गावाला क्वचितच लाभलं. त्यांतले दानलेख म्हणजे स्थलांतरितांचं हजेरीपत्रकच. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे, बांबूकाम करणाऱ्यांची आहे. शक क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम आहे. आणि तीन यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी, आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली, चिटानं बौद्ध संघाला भोजनमंडप दिला, चंदानं दर्शनी दाराचं काम दिलं. पहिले दोघे स्वतःला ‘गत’ म्हणवतात. हे गत म्हणजे युरोपातले गॉथ की आणखी कोणी, यावर विद्वानांचं एकमत अजून व्हायचं आहे. म्हणजे इरिलाच्या मूळ देशाची चौकशी दोन हजार वर्षांनंतरही प्रलंबित आहे. टाकी मात्र तेव्हाच खोदून झाली. आधी त्याच्या राष्ट्रीयत्वाची शहानिशा करायची ठरवली असती, तर भिक्षू तहानेनं गेले असते.

उलट बाजूचा पुरावाही तितकाच जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात कल्याणची हकिगत आहे. आधी हे बंदर रीतसर व्यापाराला खुलं होतं. पुढे राज्यकर्ता बदलला, अडवणूक सुरू झाली, आणि चुकून तिथे लागलेलं ग्रीक गलबत पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले. माणूस उतरला कल्याणला आणि पोचला गुजरातेत. लोकलमध्ये झोप लागली तर याहून वाईट काय होणार? घाट तोच, बैल तेच, रांजणही तोच, पण बंदरातला प्रश्न बदलला आणि डोंगराची वाट सुनी झाली. मग गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा छाप मारला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये अशा नाण्यांचा मोठा साठाच सापडला. शिक्क्यावर शिक्का मारून जुना कागद चालू ठेवायची युक्ती आपल्या कचेऱ्यांनी कुणाकडून उचलली, हे वेगळं सांगायला नको.

इथे पहिला आक्षेप येतो. रांजणाचं एवढं कौतुक कशाला? जकात म्हणजे कायदेशीर लूट, आणि ‘काय आणलंस’ हा प्रश्न शेवटी श्रीमंतालाच सोयीचा. आक्षेपात तथ्य आहे. इरिलाचं नाव कोरलं गेलं. त्याची गाठोडी ज्यांनी वर आणली त्या हमालांचं नाव कुठल्याच कातळावर नाही. पण पैसे घेणारा नाका आणि माणूस मोडायला निघालेला नाका यांत फरक असतो, आणि तो समजायला जुन्नरनंच एक रशियन साक्षीदार पुरवला आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा त्वेर गावचा व्यापारी होर्मुझहून घोडा गलबतावर घालून चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. ऐन पावसाळ्यात आला, त्यामुळे दोन महिने अडकला; चिखल, पाऊस आणि वाढता खर्च यांची त्यानं वहीत जी तक्रार केली, ती आजही जुलैत इथे गाडी रुतलेला कुठलाही पुणेकर सही करून देईल. इथे घोड्यांना हरभरे आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, हे पाहून तो चकित झाला. जुन्नरच्या असदखानानं तोच घोडा काढून घेतला आणि अट घातली: धर्म बदललास तर घोडा परत आणि वर एक हजार सुवर्णनाणी, नाहीतर घोडा गेला आणि दंड एक हजार. मुदत चार दिवस. खुरासानचा एक महंमद नावाचा गृहस्थ मध्ये पडला म्हणून घोडा सुटला आणि माणूसही. निकितिन पुढे निघून गेला. जुन्नरला त्यानं ना टाकं दिलं ना मंडप. मागे राहिली ती त्याची वही, आणि तिच्यात पुढच्या व्यापाऱ्यांना दिलेला कडवट इशारा.

यातली खरी गंमत अशी की खान ज्याच्या हाताखाली होता तो बहमनी वजीर मलिक-उत-तुज्जार महमूद गावान स्वतःच इराणातल्या गिलानहून आलेला. बहमनी दरबारात तेव्हा दखनी विरुद्ध आफाकी, म्हणजे इथले विरुद्ध बाहेरून आलेले, असं जुंपलेलं होतं. आधी आलेला नंतर आलेल्याला परका म्हणतो, हा नियम रेल्वेच्या डब्यापासून सल्तनतीपर्यंत सारखाच लागू असतो. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारानं गावानला मारण्यात आलं आणि काही वर्षांतच बहमनी राज्याच्या चिरफळ्या उडाल्या. जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद याच गोंधळातून स्वतंत्र झाला. सगळं राज्य एका खोट्या कागदानं बुडालं असं इतिहासकार म्हणणार नाहीत. पण कोण कुठला याचा हिशेब मांडण्यात गुंतलेला दरबार बाकीच्या हिशेबात कच्चा राहिला, एवढं म्हणायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सगळे काही स्वतःच्या मर्जीनं घाट चढून येत नाहीत. कित्येकांना आणलं जातं. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत पोचला. त्याला कुणी मार्ग निवडायला दिला नव्हता, आणि त्या प्रवासावर विनोद करणाऱ्याची लेखणी मोडलेली बरी. पण त्याच माणसानं पुढे निजामशाही सावरली, काही काळ राजधानी जुन्नरला आणली, मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं आणि जमीनमहसुलाची घडी अशी बसवली की पुढचे राज्यकर्तेही तिचं नाव काढत राहिले. येण्याची वाट अन्यायाची असू शकते. आलेल्याच्या हातांना काम देणं, एवढं तरी गावाच्या हातात असतं.

तिसरा आक्षेप आजचा आहे: येऊ द्यायचं तरी किती? त्याचं उत्तर नारायणगावच्या मजूर बाजारात सकाळी मिळतं. द्राक्षं, टोमॅटो आणि कांदा या तिघांची घाई एकदम सुरू झाली की घाटाखालचे आणि आदिवासी पट्ट्यातले लोक जोडीजोडीनं इथे येऊन बसतात. मुलाखत मिनिटभरात आटोपते. किती जण? किती दिवस? रोज जाऊन-येऊन की मुक्कामी? गाव कुठलं, हा प्रश्न येतो, पण भाव ठरल्यावर, पिकअपमध्ये चढता चढता. या बाजारात पिळवणूक होत नाही असं कोणी म्हणणार नाही. पण ‘बाहेरचे लोंढे आले’ म्हणून ओरडणाऱ्या बागायतदारानं छाटणीच्या आठवड्यात एकदा या बाजाराला सुट्टी देऊन बघावी. आणि जबरदस्तीनं परत पाठवण्याचा प्रयोग तर याच तालुक्यांत बिबट्यांवर होऊन गेला. उसातून पकडायचे आणि दुसऱ्या रानात नेऊन सोडायचे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं की सोडलेल्या जागांच्या आसपास हल्ले उलट वाढले. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याच्यापुढे ही चर्चा हलकी करता येत नाही, पण हद्दपारी हा उपाय नव्हता एवढं खरं. २००९ मध्ये माळशेजात सोडलेल्या एका वयस्क बिबट्याला ‘आजोबा’ असं नाव पडलं होतं. ते गळ्यात पट्टा घालून, महामार्ग आणि रेल्वे ओलांडून, खाडी पोहून, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चाल करून मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचले. मुंबईत जागा मिळवण्याचा हट्ट या मुलखात कोणकोणाच्या अंगात भिनलेला आहे, ते बघा.

‘मूळचे आम्हीच’ म्हणणाऱ्यांनी जाता जाता दोन ठिकाणी थांबावं. लेण्याद्रीला गिरिजात्मज गणपती आहे तो बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेल्या विहारात, आणि दोन्ही परंपरांना त्या एका डोंगरानं सांभाळलं आहे. आणि ज्या आंबेगावाच्या नावानं तालुका चालतो ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेरी घोडेगावात. तालुक्याच्या नावाचं मूळ गावच विस्थापित असेल, तर बाकीच्यांनी मूळपणाचा दाखला काढायला जायचं कुठे?

सरकारनं नावगाव विचारूच नये असं नाही. चोर आणि सावकार सगळ्याच घाटांनी येतात. तो प्रश्न दुसरा असावा, इतकंच. पहिला काय असावा हे चिटाच्या भोजनमंडपावरून कळतं. परमुलखात आलेल्या या यवनानं देवळाआधी, वाड्याआधी जेवायची सोय केली. आपली माणसं परमुलखात गेली तेव्हाही हेच झालं. १९३२ मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ निघालं, पुढे अमेरिकेत गावोगावी निघाली. तिथेही गणपतीच्या दिवशी सर्वांत लांब रांग असते ती पानांची. कुणाचा व्हिसा कुठला, कुणाचा अर्ज कितव्या खेपेला फेटाळला, हे सगळं तिथेही विचारतातच. पण आधी विचारतात, ‘भात वाढू का?’