ग्रॅमभाऊ

पहाटे पाचला मुकुटबनच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं धावायला निघाली, की त्यांच्या मागून एक मोटारसायकल फुरफुरत येते. हँडलच्या डाव्या थैलीत धावण्या'आधी'चं खाणं, उजव्या थैलीत 'नंतर'चं आणि सदऱ्याच्या खिशात, वजनकाट्याशेजारी, 'दरम्यान'चं. झरी जामणी तालुक्यात शहाणपण फुकट वाटणारे बरेच. मोजून वाटणारे हे एकटेच. म्हणून ग्रॅमभाऊ.

स्वतः ते शेवटचे कधी धावले, कोणालाच आठवत नाही. एसटी हलली तरी भाऊ चालतच जातात. धावायचं तर तीन तास आधी नीट जेवलेलं असावं लागतं आणि एसटी काही तीन तास आधी कळवून सुटत नाही.

ज्ञान मात्र अस्सल. स्नायू आणि यकृत मिळून माणसाच्या अंगात चार-पाचशे ग्रॅम साखर साठते, ती संपत आली की मॅरेथॉनवाल्याचे पाय तिसाव्या किलोमीटरनंतर शिशाचे होतात, हे ते पानटपरीवर समजावून सांगतात. १९२४ साली बोस्टनच्या मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तर काहींची साखर पार तळाला गेलेली. पुढच्या वर्षी धावता धावता गोड गोळ्या दिल्या, तर माणसं टवटवीत. भाऊ हे अशा थाटात सांगतात, की गोळ्यांची पिशवी त्यांच्याच हातात होती असं वाटावं. मग आकडे येतात: तासाला ३० ते ६० ग्रॅम. अडीच तासांच्या पुढे ९० पर्यंत, पण तेव्हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही पाहिजे, कारण आतड्यात दोघांच्या वाटा वेगळ्या. "अन् गुळात दोन्ही हाये! शहरातले लोक कायले जेल चोखत बसतात बाप्पा?"

अडचण एवढीच, की भरतीत पोरांना धावायचं असतं १६०० मीटर आणि पोरींना ८००. चांगला पोरगा पाच-सव्वापाच मिनिटांत मोकळा होतो. पण शास्त्र ते शास्त्र. तासाला ६० ग्रॅम, म्हणजे पाच मिनिटांना पाच ग्रॅम. तेवढ्या गुळाची पुडी बांधून भाऊ ८०० मीटरच्या दगडापाशी हात लांब करून उभे राहतात.

"भाऊ, गूळ खाऊ का श्वास घेऊ?"

"चघळू नोको. इरघळू दे."

हसावं तितकं थोडं. पण 'आधी' आणि 'नंतर'च्या बाबतीत हा माणूस खरा आहे. भाऊ येण्याआधी पोरं एकतर उपाशी धावायची, नाहीतर चाचणीच्या सकाळी तर्री-पोहे चापून मैदानाच्या कुंपणाशी वाकलेली दिसायची. आता आदल्या रात्री भात-वरण, सकाळी वेळेवर ज्वारीची आंबील, आणि परीक्षेच्या दिवशी नवीन पदार्थाला तोंड लावायचं नाही. पाणी तहानेपुरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात मीठ कमी निघालं होतं. जास्त पाणी ढोसणं हे त्याचं मोठं कारण. धावून आल्यावर भाकरी, घट्ट वरण, वर ताक. त्यातही भाऊ प्रथिनांचे २० ग्रॅम भरतात का हे पाहायला काटा काढतात, तेव्हा एखादी माय कावते: "काटा ठेव तिकडे. माह्या पोराले पोटभर जेवू दे."

हिवाळ्यात भरतीची पोरं पांगली, की भाऊंना करमत नाही. यंदा शंकरपटाच्या शर्यतीतल्या एका बैलजोडीचं आहारपत्रक त्यांनी बनवलं. सरकी ढेप किती, कडबा किती, कणकेचे गोळे किती. पट काही सेकंदांत संपत असल्याने 'दरम्यान'चा रकाना जड मनाने कोरा सोडलेला. बैलाचा मालक पत्रक उलटंसुलटं करून पाहत होता, तेवढ्यात खोंडाने मान लांब केली आणि कागद त्याच्या हातातून ओढून सबंध चावून गिळला.

मालक ओरडला. भाऊंनी शांतपणे वही काढली.

"पाच ग्रॅम," ते लिहीत म्हणाले, "निव्वळ फायबर. घड्याळ पाय बरं, पटाले किती टाइम हाये?"