जगात जर्मनी, मांडवात परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही परभणीकर जिथं जाऊ तिथं ऐकवतो. समोरच्यानं अर्थ विचारला की मात्र घसा खाकरून चहा मागवतो. जर्मनीशी आमचं नेमकं काय जुळतं, हे आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. मला अलीकडे एक दुवा सापडला आहे, आणि तो लग्नाच्या मांडवातून जातो.

‘इकडं बघा’ न म्हणता, माणूस आपल्याच नादात असताना काढलेल्या फोटोला आता सेलू-मानवतपासून गंगाखेड-पालमपर्यंत सगळे ‘कँडिड’ म्हणतात. फोटोग्राफरच्या दरपत्रकात ट्रॅडिशनलच्या खाली आणि ड्रोनच्या वर त्याची स्वतंत्र ओळ असते. या प्रकाराचा एक मूळपुरुष बर्लिनचा. एरिख सालोमन हा कायद्याचा डॉक्टर चाळिशीच्या आसपास कॅमेऱ्याकडे वळला आणि 1928 साली त्यानं एका खटल्यात चक्क टोपीत कॅमेरा लपवून कोर्टातले फोटो काढले. (टोपीची अडचण आमच्याकडे नाही, आहेरात मिळतेच.) पुढं तो मुत्सद्द्यांच्या बैठकांत सुटाबुटात शिरायचा आणि पेंगणारे मंत्री टिपायचा. 1931 साली पॅरिसमध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियां यांनी त्याला ओळखून बोट दाखवलं, तर सालोमननं ते रोखलेलं बोटच टिपलं. तो ज्यू होता. 1944 साली आउश्वित्झच्या छळछावणीत तो मारला गेला. जर्मनीचं नाव मिरवताना हेही आठवावं.

आमचा फोटोग्राफर सालोमनइतक्या उशिरा कॅमेऱ्याकडे वळत नाही. दहावीच्या सुट्टीत तो कुणाच्या तरी स्टुडिओत बसायला लागतो. आधी झाडलोट, मग परीक्षेच्या फॉर्मचे फोटो कापणं, मग लग्नात व्हिडिओवाल्यामागं हॅलोजनचा दिवा धरून उभं राहणं. दिवा धरणाऱ्याला दोनच सूचना असतात: वायर कुणाच्या पायात येऊ देऊ नको, आणि नवरीच्या डोळ्यांवर मारू नको. या उमेदवारीत तो माणसं वाचायला शिकतो. कुठल्या काकांना पहिल्या ओळीत घ्यायचं, कुठल्या दोन जावांना शेजारी उभं करायचं नाही, हे त्याला पुरोहितापेक्षा आधी कळतं. मग हप्त्यावर कॅमेरा येतो आणि पोरगं पुण्याला जातं. तिथं कँडिड शिकतं, खोलीचं भाडं भरून दमतं आणि एका रात्री नांदेडकडं येणाऱ्या गाडीत बसतं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आमची दुसरी म्हण अशांसाठीच आहे.

इथं आल्यावर त्याची खरी परीक्षा. कारण आमच्या माणसाला फोटो ‘काढून घ्यायचा’ असतो. कॅमेरा दिसला की आजोबा टोपी सारखी करतात, सदऱ्याचं वरचं बटण लावतात, हात गुडघ्यांवर ठेवतात आणि श्वास रोखतात. ही शिस्त जुनी आहे. परभणी निजामाच्या राज्यात होती, आणि निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. काचेच्या प्लेटांचा तो काळ. माणूस हलला की चेहऱ्याचं पिठलं. दीनदयाळांनी 1892 साली हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका बाईच्याच हाती सोपवला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. प्लेटा गेल्या, छत्तीस फोटोंचा रोल आला आणि गेला, कार्डात हजारो फोटो मावू लागले, तरी आजोबांचा श्वास अजून रोखलेलाच आहे.

आणि त्यात खोटं काय आहे? पोज म्हणजे नाटक, कँडिड म्हणजे सत्य, असं पुण्याहून आलेली पोरं सांगतात ते मला पटत नाही. कॅमेऱ्यासमोर ताठ बसलेले आजोबा हेही खरे आजोबाच. त्यांना जगाला जसं दिसायचं आहे तसे ते बसलेत. शिवाय आमच्याकडं लग्नाचा अल्बम हे मानपानाचं दप्तर आहे. कोण आलं होतं, कोण कुणाशेजारी उभं होतं, आहेर कुणी कुणाच्या हातात दिला, याचा तो पुरावा. वधूच्या पापण्यांवर झिरपणारा उजेड कितीही सुरेख आला असो, अल्बम उघडला की पहिला प्रश्न हाच येतो: ‘‘पैसे घेतलाव, अन् आमच्या दाजीला कुठं सोडलाव?’’

म्हणून मुरलेला फोटोग्राफर आधी दाजींचं देणं फेडतो. स्टेजवर ओळी लावतो, ‘स्माईल’ म्हणतो, मोजून फोटो काढतो. त्याचं कँडिड सुरू होतं ते फोटो झाल्याच्या पुढच्या क्षणाला. क्लिक झालं म्हणून आजोबा श्वास सोडतात, नवरी वहिनीला चिमटा काढते, दाजी पोट सैल करतात. तो दुसऱ्यांदा बटण तेव्हा दाबतो. परभणीच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, बारा पस्तीसचा मुहूर्त दोनला लागतो. ‘सावधान’ झालं की सगळा मांडव नवरा-नवरीच्या दिशेनं अक्षता फेकतो, आणि त्यातल्या निम्म्या मधे उभ्या असलेल्या फोटोग्राफरच्या पाठीत बसतात. इतक्या लग्नांचे आशीर्वाद खाल्लेला दुसरा माणूस जिल्ह्यात नसेल.

या चोरून काढलेल्या फोटोंची किंमत पुष्कळदा वर्षांनी कळते. घरातली म्हातारी जाते, दहाव्याला फोटो लागतो, आणि लक्षात येतं की आधारकार्डावरच्या फोटोशिवाय तिचा एकही नाही. त्या फोटोत तर ती तिच्या मुलांनाही ओळखू येत नाही. मग कुणीतरी स्टुडिओत धाव घेतं. फोटोग्राफर जुनी हार्डडिस्क लावतो आणि नातवाच्या हळदीतला, मांडवाच्या खांबाला टेकून शेजारणीशी हसणारा तिचा चेहरा काढून देतो. ठरलेल्या अल्बमात या फोटोला जागा मिळाली नव्हती. तेव्हा कुणी म्हणालंही होतं, ‘‘म्हातारीचं काय काढत बसलाव, तिकडं पावणे बघा.’’

तुमच्या घरी यंदा लग्न असेल तर एवढं करा. ज्या दाजींचे फोटो हवेतच त्यांची यादी आदल्या दिवशी फोटोग्राफरच्या हातात द्या, म्हणजे तो बाकीच्यांकडं बघायला मोकळा राहील. मंगलाष्टकं चालू असताना मोबाईल वर धरून त्याच्यापुढं उभे राहू नका. आणि त्याला व त्याच्या दिवा धरणाऱ्या पोराला शेवटच्या पंगतीपर्यंत ताटकळत ठेवू नका. तोवर वांग्याची भाजी संपलेली असते.