डॉर्मशास्त्री

पाठीवर चाळीस लिटरची सॅक, पोटावर दुसरी छोटी सॅक, पायात घाटावर घसरणार नाहीत अशा सँडल आणि मोबाइलच्या दोरीला लटकवलेली एक बारीक पितळी किल्ली. वय तिशी आणि चाळिशीच्या मध्ये कुठेतरी रेंगाळलेलं. असा मराठी माणूस वाराणसी कँटच्या फलाटावर दिसला, तर तो डॉर्मशास्त्री समजावा. किल्ली त्याच्या स्वतःच्या कुलपाची. हॉस्टेलात लॉकर मिळतो, पण कुलूप आपलं आपण आणायचं असतं, हे ज्ञान त्याने बँकॉकच्या खाओ सान रोडवर मिळवलं. आजोबा किल्ली जानव्याला बांधत. नातवाकडे जानवं नाही, किल्ली मात्र आहे.

त्याला पैशांची अडचण आहे असं समजू नका. ठाण्यात त्याचा स्वतःचा फ्लॅट आहे, नोकरी बरी आहे. पण आठ बेडच्या डॉर्ममध्ये खालचा बेड पाचशेच्या आत पटकावला की जो आनंद होतो, तो त्याला पगारवाढीतही मिळत नाही. हॉटेलात उतरणाऱ्यांचा तो राग करत नाही, कीव करतो. ‘चार भिंतींचे पैसे भरतात बिचारे,’ असं हळहळून म्हणतो. टूर कंपनीबरोबर काशी करून आलेल्या शेजाऱ्यांना तो भेटायलाही जातो, दुखवट्याला जावं तशा चेहऱ्याने. बायको प्रवासाला बरोबर असते, पण हनोईत एक रात्र त्याच्याबरोबर डॉर्ममध्ये काढल्यापासून ती त्यानेच निवडलेल्या हॉस्टेलात वरच्या मजल्यावरची स्वतंत्र खोली घेते. कारण सांगत नाही.

काशीला जायचं ठरलं की बाकीचे लोक विश्वनाथाच्या दर्शनाच्या वेळा पाहतात. शास्त्रीबुवा रिव्ह्यू वाचायला बसतात. पाच तारे ते वाचतच नाहीत. एकाच आठवड्यात अकरा जणांनी ‘रिसेप्शनवरचे भैया फारच चांगले’ असं लिहून भैयांचं नावही दिलं असेल, तर ते चेक-आउटच्या वेळी भैयांनी समोर उभं राहून लिहून घेतलेलं आहे, हे त्यांना ठाण्यात बसून कळतं. एक तारा देणाराही निकामी. त्याचं भांडण हॉस्टेलशी नसतंच. धुक्यात नऊ तास अडकलेल्या गाडीचा राग तो गादीवर काढतो. खरं बोलतो तो तीन तारेवाला. ‘जागा चांगली आहे, पण’ अशी त्याची सुरुवात असते, आणि शास्त्रीबुवांचं सगळं शास्त्र त्या ‘पण’च्या पुढे सुरू होतं.

मग सगळ्यात ताजे रिव्ह्यू वर आणायचे. कारण हॉस्टेलचा मालक बदलतो, चादरी बदलत नाहीत आणि रेटिंग जुन्या मालकाच्या पुण्याईवर चालू राहतं. मग शोधखिडकीत चार शब्द टाकायचे: ढेकूण, पाणी, आवाज, बाथरूम. मग फोटो. हॉस्टेलने टाकलेले फोटो पाहायचेच नाहीत. त्यांत दहा बाय दहाची खोली दरबार हॉलएवढी दिसते. पाहुण्यांनी काढलेले पाहायचे. त्यांत बाथरूमची बादली दिसते, आणि बादली कधी खोटं बोलत नाही. एवढं सगळं करून बुकिंग करायचं ते एकाच रात्रीचं. आवडलं तर सकाळी मुक्काम वाढवायचा, नाही आवडलं तर किल्ली उचलून चालू पडायचं. हा त्याचा मूळ सिद्धान्त, आणि खरं सांगायचं तर यात खोट काढायला जागा नाही.

वाराणसीसाठी मात्र या शास्त्राला त्याने खास परिशिष्ट जोडलं आहे. ‘घाटापासून २०० मीटर’ या वाक्यावर त्याचा विश्वास नाही. ते दोनशे मीटर नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले. प्रत्यक्षात गोदौलियाला रिक्षा सोडायची, बंगाली टोल्याच्या गल्लीत शिरायचं, आणि वळणावर सांड बसला असेल तर त्याचा मूड पाहून पुढचा रस्ता ठरवायचा. म्हणून त्याच्या वहीत अंतर मीटरमध्ये नसतं, वळणांमध्ये असतं. शेजारी शेरे: ‘सांड १, स्वभाव शांत.’ ‘तिसऱ्या वळणावर कचौरी, सकाळी.’ मणिकर्णिकेजवळची हॉस्टेलं त्याने यादीतून काढली आहेत. देव-धर्माचा प्रश्न नाही. तिथे चिता रात्रंदिवस जळतात, वारा फिरला की गच्चीवरच्या न्याहारीत राख येते, आणि पहाटे तीनलाही गल्लीतून ‘राम नाम सत्य है’ जात असतं. आवाजाच्या रकान्यात त्याने लिहून ठेवलं आहे: ‘तक्रार करता येणार नाही.’

‘गंगा व्ह्यू’साठी जादा पैसे मागणाऱ्याला तो एकच आकडा ऐकवतो: ७१.२६२. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर. १९७८च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाट बंद होते, आरती पायऱ्यांवरून उठून गच्चीवर जाते, आणि नावा थांबतात. ‘तेव्हा व्ह्यू तुम्हाला पाहायला येतो,’ असं तो मालकाला सांगतो. मालक शंभर रुपये कमी करतो. बहुधा आकड्याला घाबरून नव्हे, तर माणूस लवकर जावा म्हणून. देवदिवाळीला म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला मात्र त्याचं काही चालत नाही. त्या रात्री सगळे घाट दिव्यांनी उजळतात आणि एरवी पाचशेला मिळणाऱ्या बेडचा भाव विचारताना घसा कोरडा पडतो. त्या दिवसांत तो काशीत मुक्काम करत नाही. सारनाथला उतरून ये-जा करतो आणि सारनाथची शांतता आपल्याला मुळातच आवडते असं सांगतो.

आता प्रत्यक्ष पाहणी. रिसेप्शनवरचा माणूस पान खात असतो. तोंडात पान असलेला बनारसी माणूस किरकोळ प्रश्नासाठी ते थुंकत नाही. हनुवटी वर करतो आणि ‘हूं’ म्हणतो. इकडून प्रश्नांची फैर सुरू होते. ‘भैया, बुकिंग किया है, पर पहले बेड देखके लेता हूँ.’ ‘हूं.’ ‘गरम पानी चोबीस घंटा आताय, की फक्त सुबह?’ ‘हूं.’ ‘एसी कितने बजे बंद करते?’ इथे मात्र भैया उठतो, बाहेर जातो, पान टाकून येतो आणि म्हणतो, ‘रात भर चलेगा. बस बिजली रहे.’

डॉर्ममध्ये शिरल्यावर शास्त्रीबुवा बोलत नाहीत. गुडघे टेकतात. चादरीचा कोपरा उचलतात, गादीची शिवण अंगठ्याने उघडतात आणि मोबाइलचा टॉर्च शिवणीवरून इंच इंच फिरवतात. ढेकूण दिवसा दिसत नाही. त्याचे काळे ठिपके दिसतात, पेनाच्या टोकाने टिंब दिलं असावं एवढे. मग बेडच्या लाकडी फळ्यांच्या सांध्यात टॉर्च, मग भिंतीच्या भेगेत. पेटीतला आंबा देठाशी हुंगावा तशी उशी हुंगतात. ठिपके नसले तर उठून बंकची शिडी हलवून पाहतात, कारण वरचा माणूस रात्री खाली उतरणार आणि शिडी कुरकुरणार. मग प्लग. प्लग उशीजवळ हवा, आणि ढिला नको. चार्जर लटकून राहिला तर सकाळी मोबाइल मेलेला. दाराजवळचा बेड नको, बाथरूमच्या भिंतीचा नको, एसीच्या थेट खालचा तर नकोच. खिडकीला जाळी हवी, कारण बनारसच्या माकडांना चेक-इनची वेळ लागू नाही. एवढ्या अटी लावल्यावर बारा बेडच्या डॉर्ममध्ये साधारण एक बेड उरतो. त्यावर एक फ्रेंच मुलगी पुस्तक वाचत बसलेली असते.

मग तो आणखी दोन हॉस्टेलं पाहून येतो. ई-रिक्षाला एकशेवीस रुपये जातात, बेडमध्ये नव्वद वाचतात. हिशेब विचारू नये. रिक्षाचा खर्च ‘संशोधन’ या खात्यावर पडतो.

संध्याकाळी गच्चीवर त्याचं प्रवचन असतं. श्रोते ठरलेले: तबला शिकायला आलेला कोरियन, बुलेटवरून आलेले दोन मल्याळी, सुनौलीमार्गे नेपाळला निघालेली एक जर्मन बाई. जर्मन दिसली की विषय आपोआप १९०९वर जातो. रिशार्ड शिरमान नावाचे मास्तर पोरांना पायी सहलीला घेऊन निघाले, वाटेत वादळाने गाठलं, रात्र एका शाळेत गवतावर काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत पोरांना झोपवता येईल, हे त्या रात्री मास्तरांच्या डोक्यात आलं, आणि १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं युथ हॉस्टेल उभं राहिलं. जर्मन बाईला हे ठाऊक नसतं. तिला तिच्याच देशाची गोष्ट सांगून झाल्यावर तो २०१३ला जोधपूरमध्ये सुरू झालेल्या झोस्टेलकडे वळतो आणि भारतात डॉर्म ही चैनीची वस्तू कशी झाली ते सांगतो. मग परदेशी पाहुण्याची माहिती हॉस्टेलने चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते, आणि स्थानिक ओळखपत्रवाल्याला पुष्कळ हॉस्टेलं बेडच देत नाहीत, हेही येतं. ‘म्हणजे मी काशीकर असतो तर मला काशीत डॉर्म मिळालं नसतं!’ यावर मल्याळी हसतात. ते मघापासून हसायची संधी शोधत असतात.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन येतो. सांगलीची आत्या यात्रेला आलेली, उतरली आहे पंचगंगेकडे क्षेत्रोपाध्यांच्या वाड्यात. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आत्याने रिव्ह्यू वाचलेला नाही, फोटो पाहिलेला नाही. तिने गावाचं नाव आणि आडनाव सांगितलं. उपाध्यांनी वही काढली, आणि तिच्या आजेसासऱ्यांची सही दाखवली. वर मोडीत मजकूर: आमच्या कुळातलं जे कोणी येईल त्याने यांनाच उपाध्ये मानावं.

शास्त्रीबुवा ती वही पाहून चाट पडले. ‘आत्या, हा व्हेरिफाइड रिव्ह्यू आहे! आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आगाऊ बुकिंग!’

‘बुकिंग काय रे, पिठलं-भात केलाय. जेवतोस ना?’ आत्या म्हणाली. तो जेवला. जेवताना गादीकडे त्याची नजर गेली, हात शिवशिवले, पण आत्यासमोर शिवण उघडायची छाती झाली नाही.

परतताना घाटाघाटाने चालत तो मला म्हणाला, ‘आपल्या लोकांना लोकेशन कळत होतं, बघ. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट. सगळे गंगेला लागून.’ अहिल्याबाईंनी १७८०च्या सुमाराला विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं, हेही त्याने मुक्कामाच्या जागेपासून देवदर्शनाचं अंतर कमी करण्याची दूरदृष्टी म्हणून नोंदवलं. शिंदे घाटावर मात्र तो थांबला. बायजाबाई शिंद्यांच्या काळातला हा घाट स्वतःच्याच भाराने खचला असं सांगतात, आणि शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ तर उघडच कललेलं आहे. ‘फोटोत छान येतं,’ तो म्हणाला. ‘पाया कोण बघतो?’ तीन तारे दिले असावेत.

काशीत एकच मुक्कामाची जागा अशी आहे जिच्यापुढे त्याचं शास्त्र लंगडं पडतं: मुक्तिभवन. गोदौलियापासून जवळ, १९५८पासून चालू, काशीत मरण यावं म्हणून आलेल्यांसाठी. मुदत साधारण दोन आठवड्यांची. खोल्या साध्या, भजन सुरू. तो दाराशी उभा राहून सवयीने रिव्ह्यू शोधू लागला, आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की ज्यांचं समाधान झालं ते लिहायला परत आलेले नाहीत. त्याने मोबाइल खिशात टाकला. एवढा वेळ गप्प राहिलेला तो मी तेव्हाच पाहिला.

सगळ्या रिव्ह्यूंत त्याची एक तक्रार कायम असते. बँकॉक, हनोई, कँडी, आता वाराणसी. जागा उत्तम, गादी उत्तम, ‘पण डॉर्ममध्ये रात्री कोणीतरी भयंकर घोरतं. सकाळी सगळ्यांचे डोळे लाल होते, मला मात्र शांत झोप लागली.’ देश बदलतो, घोरणारा बदलत नाही, याचं त्याला मनापासून आश्चर्य वाटतं. वाराणसीच्या हॉस्टेलला त्याने जादा एक गुण दिला, कारण ‘सकाळी कोरियनने, दोन्ही मल्याळ्यांनी आणि फ्रेंच मुलीने रिसेप्शनवर कानात घालायचे बोळे मागितले, आणि भैयांकडे ते होते. सोय चांगली.’

काशीला निघालेले माझे सगळे ओळखीचे लोक आधी त्यालाच फोन करतात, आणि करावाच; त्याने सांगितलेलं हॉस्टेल आजवर कुणाला वाईट लागलेलं नाही. ढेकूण नाही, पाणी गरम, प्लग घट्ट, सांड शांत. डोळे मिटून बुक करावं. फक्त पैसे भरण्याआधी त्याला सहज विचारून घ्यावं, त्या तारखांना तो स्वतः कुठल्या डॉर्ममध्ये आहे. त्याची बायको तरी हेच विचारते.