रबराला फोडणी

रविवारी सकाळी नांदेडात विष्णुपुरीच्या बॅकवॉटरला जा, नाहीतर लातूरकडं मांजराच्या काठाला; अण्णा दिसायच्या आधी त्यांचा वास येतो. घरचं नाव काहीही असो, पाण्यावर सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. आणि हे अण्णा काही एकटे नाहीत, दर तळ्याला एखादा तरी असतोच. साधा गळवाला कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ लावतो, बिडी पेटवतो आणि बसून राहतो. अण्णांच्या गळाला रबराचं गांडूळ असतं, आणि त्या रबराला फोडणी दिलेली असते.

घरी मीठ कुठल्या डब्यात असतं हे अण्णांना आजवर ठाऊक नाही. पण हिंग खडा बरा की पूड, लसूण ठेचून घालायचा की वाटून, बडीशेप भाजली तर वास वाढतो की उडून जातो, यावर ते तासभर बोलतील. लातूरचे अण्णा गंजगोलाईत मसाल्याच्या दुकानासमोर उभे राहून येसर हुंगतात. दुकानदाराला वाटतं, घरी पाहुणे येणार असतील. नांदेडचे अण्णा इतवाऱ्यात अत्तरवाल्याकडं जाऊन 'माशाला चालंल असं' मागतात. दोघांचं एकमेकांविषयी मत वाईट आहे. मांजरा पुढं कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते, तेव्हा दोघांच्या मसाल्यांचा संगमही तिथंच होत असणार. तिथल्या माशांचे काय हाल होत असतील, देव जाणे.

हे वेड मूळचं अमेरिकेतलं. बास हा तिकडच्या गळवाल्यांचा लाडका मासा. 1949 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम आणि त्याची बायको कॉस्मा यांनी व्हिनाइल, तेल आणि रंग घरच्या शेगडीवर वितळवून प्लास्टिकचं गांडूळ ओतलं आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. पुढं त्या प्लास्टिकला लसूण, बडीशेप, मीठ, काय काय चोपडणारे निघाले. अण्णांना या सगळ्या इतिहासात एकच गोष्ट जिव्हारी लागते, ती म्हणजे 'आणि त्याची बायको'. कारण इकडं वहिनींनी अण्णांना गॅसपाशी यायला बंदी केलेली आहे. त्याला कारणही तसंच घडलं. करडईच्या तेलात भिजवलेली रबरी गांडुळं अण्णांनी प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत भरून फडताळात ठेवली. मऊ प्लास्टिकमधला तेलकट अंश तसल्या कडक डबीला विरघळवतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. महिनाभरानं डबी उघडेना. उघडली तेव्हा झाकण, तळ आणि जांभळी गांडुळं यांचा एकच गोळा झालेला होता, आणि हिंगाचा वास शेजारच्या साखरेत उतरला होता. पंधरा दिवस घरचा चहा पाहुण्यांनी नावाजला नाही.

आपल्या तळ्यात बास नाही, म्हणून अण्णांचा सगळा रोख मरळीवर. मरळ म्हणजे चिखल आणि पाणवनस्पतीत दबा धरून बसणारी, मधूनमधून वर येऊन हवा घेणारी खमकी बाई. पिलांचा थवा पाण्यावर असला की पहारा करते, आणि रबरी बेडूक समोरून टुणटुण गेला की चिडून झडप घालते. ती झडप डोळ्यांच्या आणि पाण्यातल्या थरथरीच्या भरवशावर असते. हिंग हुंगत बसायला तिला वेळ नसतो. वासाचं खरं गिऱ्हाईक म्हणजे मिशाळ शिंगाळा. त्याच्या मिशांनाच काय, अंगभर चव कळते. पण अण्णा शिंगाळ्याला तुच्छ मानतात. त्याला काय, कणीकही चालते!

बरं, माशाचं नाक श्वासासाठी नसतं, नुसतं वासासाठी असतं, हे अण्णांना पाठ आहे. पण त्या नाकापर्यंत जायचं तर वास पाण्यात विरघळावा लागतो, आणि करडईचं तेल पाण्यावर चकचकीत तवंग धरून तरंगत राहतं. हे कोणी म्हटलं की अण्णा शांतपणे सांगतात, 'लांबून बोलावायला नाही हो. तोंडात घेतल्यावर थुंकू नये म्हणून आहे.' यात मात्र तथ्य आहे. कोरडं रबर मासा चटकन थुंकतो, चवीचं असलं तर क्षणभर जास्त धरतो आणि तेवढ्यात झटका मारता येतो. फक्त त्यासाठी आधी त्यानं तोंडात घ्यावं लागतं.

माणसाच्या हाताचा वास गळाला लागू नये याची केवढी काळजी! साबण वर्ज्य, पेट्रोल भरायचं काम मुलाकडं. मग काठावर बसून अण्णा तळहातावर तंबाखू मळतात, चुना लावतात, बार भरतात आणि त्याच अंगठ्यानं गांडुळावर मसाला चोळतात.

2016 साली मांजरा धरण कोरडं पडलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गाव घागरी घेऊन रांगेत उभं होतं. अण्णाही रांगेत होते, पण घरी त्यांनी बरणीत मसाला मुरत ठेवला होता. 'पाणी आल्यावर घाई नको,' म्हणाले. तळ्याला भेगा पडलेल्या असताना एवढा आशावाद मी कुठल्या पुढाऱ्यातही पाहिला नाही.

तलाव बहुधा मच्छीमार संस्थेकडं ठेक्यानं असतो, त्यामुळं परवानगीला तिथल्या भोई मामांशी गोड बोलावं लागतं. मामा जाळं आवरता आवरता विचारतात, 'रबराला हिंग कामून लावायलालाव मालक?' अण्णा अमिनो आम्लांपासून सुरुवात करतात. मामा ऐकून घेतात, जाळ्यातले राहू-कटला पाटीत टाकतात आणि निघून जातात.

परवा दुपारपर्यंत अण्णांचा रॉड हलला नव्हता. वारा पूर्वेचा होता म्हणे. पलीकडं मामांच्या पोरानं अण्णांनीच टाकून दिलेला फाटका बेडूक बांबूच्या काठीला बांधून फेकला आणि हातभर मरळ ओढून काढली. अण्णा चपला न घालताच धावले.

'काय लावलं होतंस त्याला?'

'काय नाय.'

'काहीतरी असंलच. आठव बरं.'

पोरानं डोकं खाजवलं. 'सकाळी भजे खाल्ले होते. हात नव्हते धुतले.'

अण्णांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि विचारलं, 'कांद्याचे का मिरचीचे?'