जुना ट्रॅक्टर घेताना: अंधेरी ते मुलुंड पट्ट्यातील नोकरदारांसाठी सूचना

ट्रॅक्टरचा आणि मुंबई उपनगराचा संबंध काय, असं ज्याला वाटतं त्याने कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर एक फेरी मारावी. 1963 साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. पुढे तिचा 35 हॉर्सपॉवरचा बी-275 ट्रॅक्टर कांदिवलीच्या कारखान्यातूनच गावोगाव गेला. आज जिथे कुंडीत मिरची लावायची तरी सोसायटीचा सेक्रेटरी गळतीचं कारण सांगतो, त्या उपनगराने किती तालुक्यांची नांगरट केली याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

तरीही उपनगरवासी ट्रॅक्टर घ्यायला निघतो तो जुना, आणि तोही गावाकडचा. निमित्त फोनचं असतं. घाटकोपरला जुन्नरहून, मुलुंडला पाटणहून, बोरिवलीला खेडहून चुलत्याचा फोन येतो: भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही, वापसा निघून जातो, घरचा एक असता तर बरं झालं असतं. पैसे तुम्ही भरायचे आणि चावी चुलत्याकडे राहायची, हे त्या पहिल्या फोनमध्येच ठरून जातं. त्यावर वाद घालू नये. ट्रॅक्टर बघायला लागावं.

सर्वात आधी जमीन तपासा. एकरात 40 गुंठे असतात, आणि तुमच्या वाट्याला त्यातले किती येतात हे सातबाऱ्यावरची बाकीची नावं वजा केल्याशिवाय कळत नाही. कोकणातल्या पायरीपायरीच्या खाचरांना 50 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेतलात, तर तो वळवायला शेजाऱ्याचा बांध लागेल. बांधावरून निघालेला दावा ट्रॅक्टरपेक्षा जास्त वर्षं चालतो. तिथे पॉवर टिलर किंवा मिनी ट्रॅक्टर पुरतो. अर्थात पॉवर टिलरसमोर उभं राहून स्टेटसला टाकण्याजोगा फोटो निघत नाही, ही अडचण खरी आहे.

दुसरी गोष्ट, येतोय म्हणून फोन करू नका. फोन केलात की मालक तासभर आधी इंजिन चालू करून ठेवतो, आणि गरम डिझेल इंजिन अर्ध्या सेल्फवर उठतं. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून रात्रीची एसटी धरा, पहाटे अंगणात उभे राहा आणि ‘राम राम’ म्हणता म्हणता हात इंजिनवर ठेवा. गार लागलं तर बसा, चहा घ्या. कोमट लागलं तरी चहा घ्या, पण घाईत असल्यासारखं घड्याळ बघत राहा.

मालक काय म्हणणार हे आधीच पाठ करून ठेवा: ‘एकहाती चाललाय, एक रुपयाचं काम नाही, फक्त घरच्या शेतात वापरलाय.’ मग अवर मीटरकडे बघा. तो बंद असेल. महाराष्ट्रातल्या जुन्या ट्रॅक्टरांचे अवर मीटर इतक्या एकजुटीने बंद पडलेले असतात की त्यांची युनियन असावी अशी शंका येते. त्यापेक्षा क्लचचं आणि ब्रेकचं पेडल बघा. पेडलवरच्या रेघा झिजून तळवा घसरायला लागला असेल, तर मीटर काहीही सांगो, त्या पेडलवर बऱ्याच हंगामांचे पाय पडलेत. मागचा हूक आणि त्याची पिन ओरबाडून पातळ झालेली दिसली, तर ‘घरच्या शेतात’ या वाक्यात साखर कारखान्याचा रस्ताही धरा. दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरचा क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल माणसाच्या कमरेच्या वाटेने जातात. कोकणात चिखलणीला केजव्हील लावून चाललेला असेल, तर सील तपासा. एक्सलच्या तोंडाशी तेलाचा ओघळ दिसला, तर चिखल आत जाऊन आलेला आहे.

नव्या रंगाला भुलू नका. विक्रीच्या आदल्या आठवड्यात ट्रॅक्टरला जी कांती चढते ती लग्नातल्या नवरदेवालाही चढत नाही. रबरी पाइपवर आणि नटांच्या खाचांत रंगाचे शिंतोडे दिसले, की त्या रंगाखाली काय गळत होतं ते हळूच बोट फिरवून बघा.

आता इंजिन. गार इंजिन उठताना थोडा पांढरा धूर सोडतं आणि गरम झाल्यावर थांबतं, तेवढं चालतं. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा-लायनरचं काम आलं. लोड दिल्यावर काळाकुट्ट धूर आला तर नोझल, पंप किंवा चोंदलेला एअर फिल्टर. हे बोलताना गंभीर राहा आणि मध्येच ‘हं’ म्हणा. मग चालू इंजिनचं ऑइल टाकायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. थोडं हललं तर ठीक. उड्या मारायला लागलं, तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच, आणि त्याची किंमत मालकाने धरलेली नसते. डिपस्टिकवरचं ऑइल चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. अशा वेळी खरा चहाही न घेता निघावं.

हायड्रॉलिक उचलून दाखवतील. तेवढ्यावर समाधान मानू नका. ऑइल गार असताना म्हातारा ट्रॅक्टरही रोटाव्हेटर (रोटर) उचलतो. तासभर रानात फिरवायला सांगा, मग रोटर वर घेऊन इंजिन बंद करा. पाच मिनिटांत रोटरने जमीन गाठली, तर आतली सीलं किंवा व्हॉल्व्ह गेलेत. क्लचसाठी ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन घुटमळून बंद पडलं तर क्लच जिवंत आहे, घुरघुरत राहिलं तर प्लेट गेली. पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवायचं राहू नये. किंगपिन आणि बुश झिजले असतील तर ते चाक मान डोलावतं. टायरची नक्षी खोल दिसली तरी ती रिमोल्ड आहे का ते विचारा, कारण मागच्या दोन टायरांचा खर्च दहा-दहा हजारांच्या पटीत मोजायचा असतो.

हे सगळं तुम्हाला जमणार नाही. म्हणून तालुक्याच्या गावचा मेकॅनिक सोबत न्या, मात्र तो मालकाच्या गावचा नसावा. दुरूनच त्याला ‘या मामा’ म्हणून हाक आली, तर भाड्याचे पैसे देऊन त्याला तिथूनच परत पाठवा.

चालवून बघायचा मोह होईल. कायद्याची अडचण नाही: साडेसात हजार किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत हलकं वाहन ठरतो, म्हणजे अंधेरी आरटीओने तुमच्या मोटारीसाठी दिलेला परवाना इथे लागू होतो. मात्र ट्रॉली रिव्हर्स घ्यायला जाऊ नका. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रॉली उजवीकडे जाते हे तुम्हाला कळेपर्यंत मालकाचा गोठा मध्ये आलेला असतो, आणि भाव करायची तुमची ताकद तिथेच संपते.

राहिली कागदं. आरसी बुकवरचा चेसिस आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. ट्रॅक्टरवरचा नंबर कोरलेला हवा, खरवडलेला नको. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ट्रॅक्टरचं कर्ज अनेकदा जमिनीवर काढलेलं असतं, तेव्हा मालकाच्या सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकानाही वाचा. न फिटलेला बोजा तिथे बरोबर सापडतो. फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही तुमच्या डोळ्यांदेखत घ्या आणि 30 दिवसांच्या आत नाव चढवायचा अर्ज करा. ट्रॅक्टर नावावर झाल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. विकणारा भावकीतला असेल, तर टोकनही देऊ नका.