व्हॉट्सअ‍ॅपवरचा हंडा

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं, की महामार्गावर सोनगीर लागतं. वर किल्ला, खाली तांब्या-पितळेची दुकानं. इथला हंडा असा लखलखतो, की त्यात पाहून भांग पाडावा. पण त्याच हंड्याचं रंगीत पत्रक छापून आलं, की मालक कपाळाला हात लावतात, “भाऊ, हा हंडा आहे का वांग्याचं भरीत?”

खापर अर्थातच प्रेसवाल्यावर. मेल्यानं शाई वाचवली!

आता त्या फोटोची वंशावळ बघा. काढला पुतण्यानं. त्यानं धाडला काकांना, काकांनी टाकला घरच्या ग्रुपवर, तिथून एका उत्साही मेव्हण्यानं प्रेसवाल्याला. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो बहुधा 1600 पिक्सेलच्या आसपास उरतो. चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात. भागाकार करा, साडेपाच इंचसुद्धा भरत नाहीत. आणि मालकांना हंडा हवा ए-4 कागदभर, म्हणजे जवळपास पावणेबारा इंच. प्रेसवाला बिचारा सांगतो, “दादा, फोटू धुंदला दिखस.” उत्तर तयार असतं, “मग मोठा करून घे ना!” ताणल्यानं फोटो मोठा होतो, साफ होत नाही. हाच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला असता तर जसाच्या तसा पोचला असता. पण तेवढं बोट कोण हलवणार?

रंगाचं भांडण याहून जुनं. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो. कागद पडलेल्या उजेडातला थोडा परत करतो, तोही निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शायांच्या भरवशावर. त्यात पितळेची झळाळी उतरतच नाही. हवीच असेल तर सोनेरी शाई किंवा फॉइल, आणि त्याचे पैसे वेगळे. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तिथे एका चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. आपल्याला पत्रकावर तशीच लक्ष्मी चार रंगांत हवी, सोमवारपर्यंत, आणि ‘डिझाइनचे कसले पैसे?’ हे वर.

रंग कागदाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारी बाजूंनी 3 मिलिमीटर जास्तीचा सोडा, आणि मजकूर कडेपासून चांगला आत घ्या. कटिंगचं पातं कुणाची ओळख ठेवत नाही. फोन नंबरातला शेवटचा आकडा गेला, की हजार पत्रकं वाटूनही फोन वाजत नाही.

मराठीचं दुखणं निराळंच. जुन्या फॉन्टात बसवलेली लग्नपत्रिका, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली, की ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. म्हणून अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे त्यांच्या नुसत्या आकृत्या बनवून, पीडीएफ द्यावी. पण कर्व्ह न केलेली एक प्रत जपून ठेवा. कर्व्ह झाल्यावर आत्याबाईंचं राहिलेलं नाव सहजासहजी घुसवता येत नाही, आणि आत्याबाई ते विसरत नाहीत.

तेव्हा प्रूफ मोबाइलवर बघून ‘ओके’चा अंगठा दाखवू नका. कागदावर मागा, खऱ्या आकारात. नावं, तारीख, नंबर घरातल्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या आणि मग सही करा. त्या सहीनंतर सापडलेली चूक प्रेसवाल्याच्या बिलातून कापू नका.