हिरवळ किती हात?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्याकडे लग्नाच्या पत्रिका येतात, मुंजीच्या येतात, तेराव्याच्या येतात. यंदा विद्यापीठ-दर्शनाची आली. वर गणपती, खाली कुलदैवत, आणि मजकूर असा की आमचे येथे श्रीकृपेकरून चिरंजीवांस विलायतेतील विद्यापीठात प्रवेश मिळाला असून, सदर विद्यापीठाचे प्रथम दर्शन सिटी सेंटर येथील सल्लागारांच्या कार्यालयात सायंकाळी घडविण्यात येणार आहे, तरी सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे. 'आहेर स्वीकारला जाणार नाही' ही ओळ दिसली नाही. चौकशी केली. ती मुद्दाम गाळली होती.

गेलो. जून महिना, बाहेर पंचेचाळीस अंश. ही कार्यालयं तुम्हीही पाहिलेली आहेत, त्यामुळे वर्णन करत नाही. काचेचं दार, आत गारठा, छोटे छोटे झेंडे, आणि भिंतभर तो फ्लेक्स. निळं आभाळ. मागे विटांची भारदस्त इमारत. पुढे हिरवळ. हिरवळीवर तीन विद्यार्थी: एक गोरा, एक कृष्णवर्णीय मुलगी आणि एक आपल्यातला वाटावा असा. तिघंही हसताहेत.

त्या हिरवळीनं मला पछाडलंय, हे आधीच सांगून टाकतो.

ब्रिटनचा फ्लेक्स बघा, ऑस्ट्रेलियाचा बघा, आयर्लंडचा बघा. देश बदलतो, हिरवळ तीच. मुलंही बहुधा तीच. डावीकडचा आपला मुलगा तर मी कैक वर्षं बघतोय. त्याची पदवी केव्हाच व्हायला हवी होती. व्हिसा संपला असणार. घरून फोन येत असतील, आणि हा आपला गवतावर बसून हसतोय. मांडीवर पुस्तक आहे, पण मिटलेलं. मिटलेल्या पुस्तकाकडे बघून इतकं हसणारा विद्यार्थी मी ग्वाल्हेरात पाहिला नाही, आणि आमच्याकडे विद्यार्थ्यांची टंचाई नाही. गवत ओलं नाही, इंग्लंड असूनही. कुणाच्या पँटला माती नाही. बूड खाली टेकलंय, पण गवत दबलेलं नाही. गवत कापणारा माणूस कुठेच नाही, पाइप नाही, माळ्याची सायकल नाही. उन्हाळ्यात एक दिवसाआड येणाऱ्या नळाला कळशी लावणाऱ्या आम्हा मंडळींना पहिला प्रश्न हाच पडायला हवा की एवढ्या गवताला पाणी कोण घालतं? नाही पडला. सगळे नुसते 'वा वा' करत उभे होते. आणि पायाखाली, सल्लागारसाहेबांची कल्पकता अशी की, कार्यालयभर प्लास्टिकची हिरवळ अंथरलेली. चपला बाहेर काढून आम्ही विद्यापीठात अनवाणी उभे.

मग दर्शन. दर्शन म्हणजे डोळ्यांवर चढवायचा एक जाडजूड चष्मा, ज्यातून विद्यापीठ चोहोबाजूंनी दिसतं. वयाच्या मानानं पहिला मान आजींना. चष्मा लागताच आजींनी हात जोडले. सल्लागार म्हणाले, "दादीजी, राइट में देखिए, लायब्ररी!" आजी उजवीकडे वळल्या आणि पाण्याच्या कूलरला धडकल्या. मग आत्याबाई. त्यांनी बराच वेळ मान फिरवली आणि विचारलं, "पण ह्यात मोरी कुठे दाखवलीय?" सल्लागार हसले. प्रश्न अगदी रास्त होता. राहायचं कुठे, आंघोळ कुठे, भाडं किती, हे त्या चष्म्यात कुठेच नव्हतं. चष्मा जिकडे फिरवाल तिकडे हिरवळ.

शेवटी वडील. ह्या गृहस्थांना मी ओळखतो. उन्हाळा लागला की कूलरला लावायची खस घ्यायला ते बाजारात जातात, तेव्हा दुकानदार सुस्कारा सोडतो. मूठभर खस उपसतील, दाबतील, नाकाशी नेतील, पाण्यात बुडवून दाखव म्हणतील, गेल्या वर्षीची होती तिला वास बरा होता म्हणतील, आणि पुढच्या दुकानात जातील. कूलरच्या चार वाळक्या काड्यांसाठी ही परीक्षा. आणि ह्या हिरव्यागार गवतासाठी त्यांनी दौलतगंजातल्या वाड्यातला आपला हिस्सा गहाण ठेवला, तो ना हात लावून, ना वास घेऊन. चष्मा काढून ते एवढंच म्हणाले, "छान मेंटेन ठेवलंय."

पैशाचं म्हणाल तर तोही एक सोहळाच. ब्रिटनचा नियम असा की फी आणि राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग 28 दिवस पडून असली पाहिजे. पडून म्हणजे पडून, एक दिवस कमी चालत नाही. त्यामुळे आत्याबाईंची मुदतठेव मोडून आली, काकांचा भविष्यनिर्वाह निधी आला, धाकट्या मामानं प्लॉटचा बयाणा आणून टाकला. 28 दिवस सगळं गोत त्या एका पासबुकात एकत्र नांदलं. एकोणतिसाव्या दिवशी ज्यानं त्यानं आपापलं उचललं. आमच्या आळीत इतकं सलोख्याचं एकत्र कुटुंब पुन्हा होणे नाही.

आता मुलाखतीचं. व्हिसा देण्याआधी तिकडची माणसं मुलाला पडद्यावर समोर बसवून विचारतात, हेच विद्यापीठ का निवडलं? प्रश्न खरा तर सल्लागाराला विचारायला हवा, कारण निवडलं त्यानं. ज्या विद्यापीठाकडून दलाली चांगली, ते विद्यापीठ चांगलं, हा त्याचा साधा हिशेब. मूल तिकडे दाखल झालं की पहिल्या वर्षाच्या फीतून त्याचा वाटा त्याला पोचतो. म्हणूनच दारावर 'सेवा पूर्णतः नि:शुल्क' अशी पाटी असते. पण विचारतात मुलाला. मग चिरंजीवांकडून घोकून घेतलेलं उत्तर असं: तिथली संशोधनाची परंपरा, तिथलं ग्रंथालय आणि तिथला निसर्गरम्य परिसर. निसर्गरम्य परिसर! पाचवीत 'माझी शाळा' निबंधात हेच लिहून ह्या मुलाला दहापैकी सहा मिळाले होते. इथे व्हिसा मिळाला.

आणि मग, सगळे पैसे भरून झाल्यावर, अनामत पोचल्याची पावती आल्यावर, एका संध्याकाळी आजींनी हट्ट धरला. चष्म्यात नाही, तू रोज ज्या रस्त्यानं जाशील तो रस्ता दाखव. आजी दुपारभर मोबाइलवर काशी, गाणगापूर, कुठलीकुठली देवळं बघत असतात. रस्त्याच्या चित्रांवरून बोट सरकवत चालायचं कसब त्यांना चिरंजीवांपेक्षा चांगलं अवगत आहे. पत्ता टाकला. बोट सरकू लागलं. बसचा थांबा आला, तळलेल्या कोंबडीचं दुकान आलं, त्याला लागून पैजा लावायचं दुकान, मग मोबाइल दुरुस्ती, आणि बाण तिथेच थांबला. आजी बोट पुढे सरकवायच्या, बाण मागे यायचा.

"बाळा, विद्यापीठ कुठाय?"

"आजी, ते बघ ना. कोंबडीच्या आणि पैजेच्या मध्ये जे काचेचं दार आहे ना, त्याच्या वर."

"वर म्हणजे?"

"चौथा मजला."

"आणि ती हिरवळ?"

"ती मेन कॅम्पसला."

"तो कुठाय?"

चिरंजीवांनी पाहिलं. रेल्वेनं पाच तास.

तर हे विद्यापीठाचं खरं प्रथम दर्शन. त्यासाठी पत्रिका नव्हत्या.

ही लबाडी आहे असं समजू नका. लबाडी असती तर पोलिसात जाता आलं असतं. हे सगळं कायदेशीर आहे. ब्रिटनच्या दूरदूरच्या गावांतल्या विद्यापीठांनी लंडनमधल्या कचेऱ्यांच्या इमारतींत मजले घेऊन 'लंडन कॅम्पस' थाटलेत, हे काही गुपित नाही. तिकडच्या वर्तमानपत्रांत छापून येतं, फक्त आपल्याकडच्या फ्लेक्सवर येत नाही. कॅनडात त्याहून सुरस कारभार होता. ओंटारिओतल्या आडगावच्या सरकारी कॉलेजांनी आपला अभ्यासक्रम टोरांटोच्या आसपासच्या खाजगी संस्थांना वापरायला दिला. नाव सरकारचं, वर्ग खाजगी, आणि फी दोघांची. शेवटी तिथल्या सरकारनंच हात झटकले: 15 मे 2024 पासून पुढे अशा ठिकाणी शिक्षण सुरू करणाऱ्यांना शिक्षणानंतर मिळणारा काम करण्याचा परवाना बंद. ज्या परवान्यासाठी वाडे गहाण पडले, तोच. जाहिरातीतली मुलं त्या दिवशीही गवतावर बसून हसतच होती.

आता माझं डोकं फिरतं ते कुठे, ते सांगतो. हिरवळ खोटी आहे म्हणून नव्हे. हिरवळ किती आहे हे कुणीच विचारत नाही म्हणून. चाळीस पानांचं ते गुळगुळीत माहितीपत्रक मी घरी आणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. 'विस्तीर्ण' आहे, 'हिरवागार' आहे, 'चैतन्यमय' तर पानापानावर आहे. लांबी नाही. रुंदी नाही. कुठल्या इमारतीपासून किती अंतरावर, ते नाही. आणि हे कुठे? ग्वाल्हेरात! ज्या गावात बागेचं माप दगडात कोरून ठेवलंय, त्या गावात!

किल्ल्यावर जायच्या दोन वाटा. उरवाई दरवाजाकडून गाडी थेट वर जाते, म्हणून सगळे तिकडून जातात. वाढदिवसाचे व्हिडिओ काढतात, कणीस खातात, उतरतात. दुसरी वाट पूर्वेची, ग्वाल्हेर दरवाजातून, पायी. त्या चढणीवर खडकातच कोरलेलं चतुर्भुजाचं इवलंसं देऊळ आहे. आतल्या भिंतीवर इसवी सन 876 चा लेख आहे, आणि त्या लेखात शून्य आहे. आपण आज काढतो तसंच, वाटोळं. भारतात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी ते एक, आणि त्याच्यासाठी परदेशातले गणिताचे प्राध्यापक इथवर येऊन, घामाघूम होत ती चढण चढतात. चिरंजीव चालले आहेत 'डेटा सायन्स' शिकायला. शून्य आणि एक, एवढ्या भांडवलावर चाललेला तो धंदा. शून्य घरापासून रिक्षानं जाण्याइतकं जवळ, पण चिरंजीवांनी बघितलेलं नाही. वडिलांनी नाही. सल्लागारांना विचारलं तर म्हणाले, "सर, वो पैदल वाला रास्ता है ना, उधर कोई जाता नहीं."

पण मला शून्याचं कौतुक सांगायचं नाही, ते शाळेतल्या भाषणांत होतं. मला त्या लेखात काय लिहिलंय ते सांगायचंय. तो लेख आहे बागेचा! देवाला फुलं मिळावीत म्हणून गावानं जमीन दिली, त्याची नोंद. आणि काय लिहिलंय? विस्तीर्ण? चैतन्यमय? नाही. लांबी 270 हात. रुंदी 187 हात. आणि देवाला रोज माळा किती, तर 50. संपलं. शून्य उमटलंय ते ह्या 270 मध्ये आणि 50 मध्ये. साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या माणसांकडे ना फ्लेक्स होता ना चष्मा, पण बाग म्हटली की ती किती हात आणि तिच्यातून रोज काय निघणार, हे लिहिल्याशिवाय त्यांचं भागत नव्हतं. बागेत हसत बसलेली तीन माणसं कोरावीत असं त्या पाथरवटाला सुचलं नाही. आणि आम्ही, त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहणारे, वाडा गहाण टाकतो आणि विचारत नाही, साहेब, हिरवळ किती हात? वर्गात मुलं किती? शिकवणारा रोज येतो का? मागच्या वर्षी गेलेल्यांपैकी किती जणांना शिकलेल्या विषयातली नोकरी लागली? माळा किती, माळा?

मुलं का जातात ते मला शिकवू नका. बिर्लानगरच्या गिरण्या बंद पडून जमाना झाला. भरतीची जाहिरात निघते, परीक्षा होते, पेपर फुटतो, परीक्षा रद्द होते, आणि मुलाचं वय निघून जातं. असल्या गावातून पंचेचाळीस अंशात कुणी हिरव्या चित्राकडे बघत राहिलं तर त्यात त्याचा दोष कोणता? म्हणून तर त्या फ्लेक्सवाल्यांचा संताप येतो. तहानलेल्या माणसाला पाण्याचं चित्र विकायचं आणि वर त्याच्याकडूनच 'छान मेंटेन ठेवलंय' वदवून घ्यायचं.

चिरंजीव सप्टेंबरात जाताहेत. सामान बांधून झालंय. दोन किलो गजक आहे, कुकर आहे, आजींनी दिलेली अंगाऱ्याची पुडी आहे. सत्काराचा फ्लेक्स चौकात लागलाय, त्याच्यामागेही तीच हिरवळ. दुसरं विद्यापीठ बघावं का, असं वडिलांनी सल्लागारांना दबक्या आवाजात विचारून पाहिलं. त्यांनी पावती उलटी करून दाखवली. भरलेली अनामत कोणत्याही कारणास्तव परत मिळत नाही, हे तिथे छापलेलं होतं. बारीक टायपात, आणि अर्थातच हिरव्या शाईत.

ज्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत, त्यांनी पूर्ण पत्ता मागून घ्यावा. त्यात मजल्याचा आकडा असेल, तर आजींना विचारल्याशिवाय सही करू नये.